ग्रामीण विदर्भातील असंसर्गजन्य आजार व त्यांचे नियंत्रण

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, दमा, सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) अशा वर्षानुवर्षे सोबत राहणाऱ्या आणि एकापासून दुसऱ्याला न लागणाऱ्या आजारांवर विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतील खेड्यांत चाललेले काम. जगातील सुमारे तीन-चतुर्थांश मृत्यू या गटातील आजारांनी होतात आणि त्यांतले बहुसंख्य गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत. तरी विदर्भाच्या खेड्यांचा विषय निघाला की मेळघाटचे कुपोषण आणि गडचिरोलीचा हिवताप यांपुढे बोलणे सहसा जात नाही.

या समजुतीला धक्का बसला तो गडचिरोलीतच. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ८६ गावांतील मृत्यूंचा मागोवा घेतला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साधारण सातातला एक मृत्यू पक्षाघाताने, म्हणजे लकव्याने, झालेला आढळला आणि मृत्यूचे तेच पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. बहुतेकांनी घरीच प्राण सोडला. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो, आणि भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरांच्याही पलीकडे आहे. अशा ठिकाणी लकव्याचा उपचार लकवा येण्याच्या कितीतरी वर्षे आधी, रक्तदाबाच्या साध्या गोळीने सुरू व्हायला हवा.

तंबाखूचा येथील अवतार म्हणजे खर्रा. भाजलेल्या सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन पानठेल्यावर गिऱ्हाइकासमोर घोटला जातो. पुडी खिशात जाते आणि दिवसभर थोडी थोडी तोंडात. निंदणाला, धान रोवायला जाणाऱ्या बायकाही खातात, शाळकरी पोरेही. ‘भूक मरते, काम होते’ हे त्यामागचे ठरलेले उत्तर. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा ताठर होत जाते, तोंड उघडेनासे होते, तिखट सोसत नाही. पुढे त्यातूनच काहींना मुखकर्करोग होतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण गुटखा कारखान्यातून येतो आणि खर्रा ठेल्यावरच तयार होतो, त्यामुळे धाडी घालून फारसे साधत नाही. गडचिरोलीतील ‘मुक्तिपथ’ कार्यक्रमाने दारूबरोबर खर्ऱ्याविरुद्धही गावोगावी संघटना उभ्या केल्या. गावाने ठरवून ठेल्यावरची विक्री बंद करणे हा त्यातला जास्त टिकाऊ मार्ग वाटतो. पश्चिमेकडे अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात प्रश्न वेगळा आहे. त्या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचे पाणीच खारट. मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार तिथे जुनी आहे. मीठ टाळण्यासाठी लोणचे-पापड कमी करा, हा सल्ला तिथे अपुरा पडतो.

या आजारांसाठीचा सरकारी कार्यक्रम देशात २०१० साली सुरू झाला. आता तिशीपुढच्या प्रत्येकाची आशाताई घरी येऊन माहिती भरते, उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर तपासली जाते, तोंडाची तपासणीही होते. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांमध्ये भंडारा आणि वर्धा होते. ठरलेल्या क्रमाने मोजकीच औषधे, मोफत पुरवठा, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि घराजवळच्या उपकेंद्रातून पुढच्या गोळ्या, अशी त्याची रचना.

शिबिर भरवून रुग्ण शोधणे सोपे असते. दुसऱ्या महिन्याची गोळी अवघड. रक्तदाब दुखत नाही, त्यामुळे ‘आता बरं वाटते’ म्हणून गोळी सुटते. सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी लागली की दिवसाची मजुरी बुडवून कोणी औषधाच्या रांगेत उभे राहत नाही. मेळघाटातील कोरकू कुटुंबे दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडतात ती होळीला परततात. त्या महिन्यांत गावच्या रजिस्टरवरचा रुग्ण गावात नसतोच. शंभर जणांचा रक्तदाब मोजल्याचा आकडा अहवालात शोभतो, पण सहा महिन्यांनी किती जणांचा आटोक्यात आहे हाच आकडा विचारायला हवा.

सिकलसेल खाण्यापिण्यातून होत नाही, जन्मतःच असतो. आई-वडील दोघेही वाहक (स्वतः आजारी नसले तरी आजाराचा दोष पुढे देऊ शकणारे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक. पूर्व विदर्भात तो बराच आढळतो. हायड्रॉक्सीयुरियाने वेदनेचे झटके कमी होतात, मात्र हे औषधही रोजचे. नैराश्यातही असाच सतत पाठपुरावा लागतो. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बोलणे सुरू केले, तेव्हा नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. शेतकरी आत्महत्यांवर बोलताना कर्जाचा हिशेब होतो, या आजाराचा क्वचितच.

खर्चाची सोय गावाच्या हंगामाशी जुळवण्याचा जुना प्रयोग सेवाग्रामचा. सुशीला नायर यांनी १९६९ साली तिथे देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. त्याच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या आरोग्य विम्यात भोवतालच्या खेड्यांतील कुटुंबे वर्गणी म्हणून ज्वारी देत.