इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा, एच-इंडेक्स माणसाचा

नाशिकच्या महाविद्यालयांत कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेच्या, फायली भरायचा हंगाम आला की कुणाच्या ना कुणाच्या बायोडेटात हे वाक्य सापडतंच : ‘माझा इम्पॅक्ट फॅक्टर ५.२.’ असं काही नसतं. इम्पॅक्ट फॅक्टर माणसाला नसतो, त्याच्या पेपरलाही नसतो. तो जर्नलला, म्हणजे पेपर छापणाऱ्या नियतकालिकाला असतो. माणसाला असतो तो एच-इंडेक्स. दोन्ही आकडे सायटेशन, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरात दिलेले संदर्भ, मोजूनच निघतात आणि फॉर्ममध्ये बहुतेक वेळा शेजारशेजारच्या रकान्यांत भरावे लागतात, त्यामुळे गल्लत होते. पण एक सांगतो तुम्ही कुठे छापलंत, दुसरा सांगतो तुमचं छापलेलं इतरांनी किती वापरलं.

आधी जुना आकडा. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’मध्ये सायटेशनची सूची करण्याची कल्पना मांडली आणि पुढे फिलाडेल्फियातल्या त्यांच्या संस्थेने ती उभी केली. हजारो जर्नलांमधून सूचीत कोणती घ्यायची, हे ठरवायला एक माप हवं होतं; तोच इम्पॅक्ट फॅक्टर. पुढे ग्रंथपालांनाही तो सोयीचा झाला, कारण वर्गणीचे पैसे थोडे आणि जर्नलं ढीगभर. म्हणजे मूळ काम प्राध्यापकांची परीक्षा घेण्याचं नव्हतंच. आज हा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी जाहीर करते.

हिशेब साधा आहे. समजा एखाद्या जर्नलने २०२३ आणि २०२४ मध्ये मिळून १२० पेपर छापले आणि २०२५ या एका वर्षात त्या दोन वर्षांतल्या मजकुराला ३०० सायटेशन मिळाली, तर २०२५ चा इम्पॅक्ट फॅक्टर २.५. झाली ती सरासरी. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा दिवसाचा सरासरी भाव निघतो, त्यावरून तुमच्या ट्रॅक्टरला काय भाव लागला हे कळत नाही, तसंच हे. सायटेशनच्या बाबतीत तर सरासरी आणखीच फसवी, कारण थोडे पेपर भरपूर सायटेशन खेचतात आणि बाकीच्यांकडे कुणी फारसं फिरकत नाही.

याचं सगळ्यात गमतीदार उदाहरण स्फटिकशास्त्रातलं आहे. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २ च्या आसपास असायचा. २००८ मध्ये जॉर्ज शेल्ड्रिक यांनी त्यात आपल्या ‘शेलएक्स’ या संगणक प्रणालीचा इतिहास सांगणारा एक लेख लिहिला. ती प्रणाली वापरणाऱ्या प्रत्येकाने तो लेख सायट करायला सुरुवात केली आणि २००९ ला जर्नलचा आकडा जवळपास ५० वर गेला, २०१० ला ५४ वर. दोन वर्षांची मुदत संपली तसा तो पुन्हा खाली आला. मधल्या काळात त्याच जर्नलमध्ये छापून आलेल्या इतर लेखकांच्या कामात काय फरक पडला होता? काहीच नाही. पण बायोडेटात ‘इम्पॅक्ट फॅक्टर ५४’ लिहायला त्यांना कोण अडवणार होतं?

गल्लत फक्त प्राध्यापकांची नाही, ती नियमातच आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत पेपरचे वाढीव गुण जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर ठरवले आहेत : इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या रेफरीड (तज्ज्ञांकडून तपासून छापणाऱ्या) जर्नलला ५, एकपेक्षा कमी असेल तर १०, आणि असं चढत चढत १० च्या वर असेल तर ३०. आकडा थॉमसन रॉयटर्सच्या यादीनुसार धरावा असंही त्यात म्हटलंय. खरं तर त्या कंपनीने तो व्यवसाय २०१६ मध्येच विकला होता आणि त्याचीच पुढे क्लॅरिव्हेट झाली. नियम लिहिणाऱ्यांना बहुधा कुणी कळवलं नाही. एवढं वजन एका आकड्याला दिल्यावर त्याचा बाजार भरणारच. ‘आंतरराष्ट्रीय जर्नल, इम्पॅक्ट फॅक्टर ७.८, दोन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्र मोफत’ असे मेसेज प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात. हे आकडे वाटणाऱ्या वेगळ्याच कंपन्या आहेत. जर्नल क्लॅरिव्हेटच्या यादीत नसेल तर तो ७.८ फक्त मुखपृष्ठावर छापण्यापुरता.

एच-इंडेक्स वयाने बराच लहान. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो २००५ मध्ये मांडला. आपले पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि पेपरचा क्रमांक त्याच्या सायटेशनपेक्षा मोठा होत नाही तोवर वरून मोजत यायचं; शेवटचा क्रमांक तो एच-इंडेक्स. समजा एखाद्या बाईंच्या आठ पेपरना ४०, २२, ९, ६, ५, ४, १ आणि ० सायटेशन आहेत. पाचव्या पेपरला ५ आहेत, सहाव्याला मात्र ४ च. त्यांचा एच-इंडेक्स ५. दुसऱ्या कुणाच्या चार पेपरना ९००, ३, २, १ सायटेशन असतील तर त्याचा २. नऊशेचा तो एक पेपर इथे जवळजवळ वाया जातो. हिर्श यांचा हेतूच तो होता की एखादा सुदैवी पेपर किंवा नुसती पेपरांची रास, दोन्हींनी आकडा फुगू नये. उलट बाजूची तक्रारही रास्त आहे, म्हणून २००६ मध्ये लिओ एग्गे यांनी मोठ्या पेपरांना जास्त भाव देणारा जी-इंडेक्स सुचवला. तो फॉर्मांत क्वचितच दिसतो.

इम्पॅक्ट फॅक्टर दरवर्षी वरखाली होतो. एच-इंडेक्स सहसा खाली येत नाही. माणूस निवृत्त झाला, गेला, तरी तो वाढू शकतो. म्हणून पस्तिशीच्या आणि पंचावन्नच्या प्राध्यापकांचे एच-इंडेक्स शेजारी ठेवून पाहणं हा सरळ अन्याय आहे. शिवाय तो कुठून काढला यावरही अवलंबून असतो. गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदांची इतिवृत्तं, पुस्तकं असं बरंच काही मोजतो, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सायटेशनच्या सूची मुख्यतः निवडक जर्नलं मोजतात. त्यामुळे एकाच माणसाचा आकडा गूगल स्कॉलरवर जवळजवळ नेहमीच मोठा दिसतो. कुठला आणि कोणत्या तारखेचा हे न लिहिता नुसता ‘एच-इंडेक्स ११’ लिहिलेला बायोडेटा मी तरी अर्धवटच मानेन.

सहलेखकांचं तर विचारूच नका. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर निघालेल्या एका पेपरला ५,१५४ लेखक होते, आणि त्याचं प्रत्येक सायटेशन त्या प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण जमा होतं. यूजीसी निदान दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि इतरांना ३० टक्के गुण देते. एच-इंडेक्सला तेवढंही समजत नाही.

आता ज्यावरून खरी भांडणं होतात ते : एका विषयाचा आकडा दुसऱ्या विषयाशी ताडून पाहणं. नाशिकमध्ये हे ठळक दिसतं. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ, गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला मुक्त विद्यापीठ, आणि शहरातली कला-विज्ञान महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली. वैद्यकातला पेपर आठ-दहा जणांचा, संदर्भ भरपूर, आणि दोन वर्षांत सायट होणारा. गणितातला पेपर एकट्या-दुकट्याचा, संदर्भ मोजके, आणि लोक त्याच्याकडे दहा वर्षांनीही वळतात. तोवर इम्पॅक्ट फॅक्टरची दोन वर्षं केव्हाच उलटलेली असतात. हिर्श यांच्या मूळ लेखातच हा फरक आहे : तेव्हा भौतिकशास्त्रात सर्वांत वर एडवर्ड विटन होते, एच ११०, स्टीफन हॉकिंग ६२, आणि जीवशास्त्रात सॉलोमन स्नायडर १९१. स्नायडर हे हॉकिंगच्या तिप्पट मोठे शास्त्रज्ञ, असं हिर्शही म्हणत नव्हते. भौतिकशास्त्रात प्रोफेसरपदासाठी साधारण १८ असावा, हा त्यांचा अंदाज अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांपुरता होता.

देवळालीचे गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर घ्या. १९३० ते १९६२ शाळेत शिकवलं, पदव्युत्तर पदवी नाही. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक त्यांनी १९४६ मध्ये शोधला : सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, शेवटी हाच आकडा येतो. त्यांचं बरंचसं लेखन छोट्या नियतकालिकांत, नाहीतर स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांत आहे. काहींवर ‘देवळाली, खासगी मुद्रण’ असं लिहिलेलं. अशा पुस्तिका स्कोपसमध्ये यायचा प्रश्नच नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून त्यांची ओळख जगाला करून दिली. आता लोक ‘कापरेकर स्थिरांक’ एवढंच लिहून पुढे जातात, मूळ लेख संदर्भात देत नाहीत, म्हणजे नाव घेतलं जातं पण सायटेशन पडत नाही. कापरेकर आज कॅसच्या मुलाखतीला बसले तर एच-इंडेक्सच्या रकान्यात काय भरणार?

मराठीच्या प्राध्यापकांची अडचण यापुढची. त्यांचं मोठं काम ग्रंथात असतं आणि लेख मराठी नियतकालिकांत. कला आणि मानव्यविद्यांच्या जर्नलांना क्लॅरिव्हेटने इम्पॅक्ट फॅक्टर द्यायला सुरुवात केली तीच २०२३ मध्ये, आणि त्या यादीत मराठीतून निघणारं काही शोधायला गेलात तर वेळ फुकट जाईल.

यावर उपाय म्हणून विषयानुसार तुलना करणारी मापं निघाली आहेत. स्कोपसचं असं एक माप पेपरची गाठ त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांशी घालतं. १ म्हणजे जगाची सरासरी, १.५ म्हणजे तिच्याहून दीडपट. वैद्यक आणि गणित शेजारी ठेवायचेच असतील तर एच-इंडेक्सपेक्षा हे कितीतरी बरं. पण पेपर पाच-सातच असतील तर एखाद्याच पेपरने तोही आकडा उड्या मारतो, आणि मराठीला तिथेही जागा नाही.

संशोधनाचं मूल्यमापन कसं करावं याविषयीच्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने तर सरळच सांगितलं की माणसाची निवड, बढती किंवा निधी ठरवताना जर्नलचा आकडा वापरू नका. याच विषयावरच्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यात दहा तत्त्वं आहेत. विषयागणिक फरक धरा हे त्यातलं एक, आणि स्थानिक गरजेच्या संशोधनाला जपा हे दुसरं. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरच्या आजारांचा किंवा निफाडच्या द्राक्षबागांवरच्या रोगाचा अभ्यास याच तत्त्वात बसतो. तो वाचणारे इथलेच डॉक्टर आणि बागायतदार असतात, आणि ते सायटेशन देत नाहीत.