लाडू वळत नाहीत? दूध घालू नका
(बालवाडीच्या ताईंसाठी)

खजूर-दाण्याच्या लाडवांचा आमचा संच नेल्यावर ताईंचा हमखास फोन येतो: ‘मिश्रण भुरभुरतंय, थोडं दूध घालू का?’ कृपया घालू नका. दुधाने गोळा लगेच जमतो, पण डाळ्याचं पीठ ओलं होऊन लाडू हाताला चिकटतात, आणि डब्यातून घरी नेलेले उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबतात. दुधाविना तेच लाडू बंद डब्यात आठवडाभर चांगले राहतात.

मिश्रण भुरभुरतं ते बहुधा खजूर गार असल्यामुळे. पाकीट फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर आदल्या रात्रीच बाहेर काढा. विसरलात तर बंद पाकीट 10 मिनिटं कोमट पाण्यात ठेवा.

20 मुलांच्या संचात 500 ग्रॅम बिनबियांचा खजूर, 250 ग्रॅम दाण्याचं कूट आणि 100 ग्रॅम डाळ्याचं पीठ असतं. 2 चमचे तूप तुमचं. प्रत्येक खजूर मुलांना बोटांनी दाबून बघायला द्या; बिनबियांच्या खजुरातही एखादी बी निघते, आणि हे काम चार वर्षांची मुलं फार मन लावून करतात. मग ताईंनी तूप घालून खजूर तळहाताने मऊ मळावा, कूट आणि पीठ तीन वेळा करून घालावं आणि दाण्याचं तेल सुटेपर्यंत मळत राहावं. इथे घाई झाली की लाडू फुटतात. तरीही जमलं नाही तर अर्धा चमचा पातळ तूप घाला.

मुलं हात धुऊन तशीच ओल्या हातांनी येतात. हात कोरडे पुसून घ्या. तेवढं पाणीही दुधासारखाच घोळ करतं. सुपारीहून थोडे मोठे, पेढ्यासारखे चपटे वळले तर 40च्या आसपास होतात. अख्खे दाणे वरून लावू नका, लहान मुलांच्या घशात अडकतात.

तयार मिश्रणच का देत नाही, असंही विचारतात. कूट लवकर खवट होतं, म्हणून आम्ही ते मागणी आल्यावरच दळतो आणि वेगळं बांधतो. त्यासाठी तीन दिवस आधी कळवावं लागतं.

दाण्याची ॲलर्जी कोणाला आहे का, हे पालकांना आधी विचाराच. राजगिरा लाह्या आणि खोबऱ्याचा संचही आमच्याकडे आहे, पण तो त्याच जागेत बांधला जातो. अशा मुलासाठी आमचा कुठलाच संच घेऊ नका. त्या दिवशी सगळ्या वर्गाला केळ्याच्या चकत्या कापायला द्या.