कमरेतली भूल आणि रक्त पातळ करणारी औषधे

पाठीच्या दोन मणक्यांमधून बारीक सुई घालून मेरुद्रवात बधिर करणारे औषध सोडले की कमरेखालचा भाग दोन-तीन तास बधिर आणि निश्चल होतो. हीच कमरेतली भूल; रुग्णालयात तिला नुसते ‘स्पायनल’ म्हणतात. सिझेरियन, हर्निया, प्रोस्टेट, गुडघ्याचा सांधा, खुब्याचे हाड अशा कितीतरी शस्त्रक्रिया या भुलेखाली होतात. आज साठीपुढच्या अनेक रुग्णांना हृदयविकार, स्टेंट, बदललेली झडप किंवा पायातली गुठळी यांसाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असते. ‘माझे रक्त पातळ आहे, पाठीत सुई टोचली तर रक्त थांबेल ना?’ हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर गोळीचे नाव आणि ती शेवटची कधी घेतली, या दोन गोष्टींवर ठरते.

‘रक्त पातळ’ हा शब्दप्रयोग सोयीचा असला तरी नेमका नाही. या औषधांनी रक्ताचा दाटपणा कमी होत नाही, त्याची गोठण्याची क्षमता मंदावते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर, प्रासुग्रेल ही औषधे प्लेटलेट पेशींना एकमेकींना चिकटू देत नाहीत. वॉरफरिन, ॲसिनोकुमारॉल (आपल्याकडे ‘ॲसिट्रॉम’ नावाने ओळखले जाणारे), हेपॅरिन, रिव्हारोक्साबॅन, ॲपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान ही औषधे गोठणघटकांची साखळी तोडतात.

सुईचा मार्ग आणि धोक्याची जागा : रुग्णाला टेबलावर बसवून उशी कवटाळायला सांगतात किंवा कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, पाठीचा बाक निघाला की मणक्यांमधली फट उघडते. कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा चौथ्या कटिमणक्याजवळून जाते. तिच्या आधाराने तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामधली जागा निवडतात. प्रौढांत मेरुरज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्यापाशीच संपतो, त्यामुळे सुई रज्जूत घुसण्याची भीती या पातळीवर राहत नाही. कातडी, चरबी आणि तीन अस्थिबंध ओलांडून सुई मेरूच्या जाड आवरणापर्यंत पोचते, हाताला हलकासा ‘टप्’ जाणवतो आणि सुईतून स्वच्छ पाण्यासारखा थेंब येतो. मग साखर मिसळून जड केलेले ०.५ टक्के बुपिव्हाकेन साधारण २ ते ३ मिलिलिटर, म्हणजे १० ते १५ मिलिग्रॅम, सावकाश सोडतात.

अडचण आवरणाच्या अलीकडच्या पोकळीत आहे. तिथे चरबी आणि पातळ भिंतींच्या शिरांचे जाळे असते. सुईने एखादी शीर दुखावणे ही तशी नेहमीची गोष्ट. निरोगी माणसात काही मिनिटांत तिथे गुठळी धरते आणि विषय संपतो. हाताची शीर फुटली तर आपण कापूस दाबून धरतो, सुजेला पसरायला जागाही असते. मणक्यांची नळी मात्र हाडाची आणि बंद असते. तिथे बाहेरून दाब देता येत नाही, आणि साठलेले रक्त दाबते ते थेट मज्जातंतूंना. त्यांचा रक्तपुरवठा तुटतो आणि वेळीच मोकळे केले नाही तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. याला मेरुनलिकेतील रक्तगोळा म्हणतात.

हा प्रकार फार दुर्मिळ आहे. ज्यांना गोठणदोष नाही अशांमध्ये स्पायनलनंतर साधारण २,२०,००० मध्ये एक आणि एपिड्युरलनंतर (या भुलेत औषध आवरणाच्या अलीकडच्या त्याच पोकळीत सोडतात) १,५०,००० मध्ये एक, असा जुना अंदाज सर्वत्र दिला जातो. एपिड्युरलचा धोका जास्त असण्याचे कारण साधे आहे. स्पायनलची २५ गेजची सुई अर्ध्या मिलिमीटर जाडीची, तर एपिड्युरलची १८ गेजची सुई सव्वा मिलिमीटरहून थोडी जाड असते, शिवाय तिच्यातून नळी आत ठेवली जाते. १९९४ मध्ये वैद्यकीय साहित्यातून गोळा केलेल्या अशा ६१ रुग्णांपैकी ४२ जणांत रक्त गोठण्यात काही ना काही बिघाड होता. पुढे १९९७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने एनॉक्सापॅरिन (हेपॅरिनच्याच कुळातले टोचायचे औषध) आणि पाठीतली भूल एकत्र देण्याबाबत जाहीर इशारा दिला. आज जगभर भूलतज्ज्ञ ज्या वेळा पाळतात, त्या या अनुभवातून घडल्या. अमेरिकेतील प्रादेशिक भूल संघटनेच्या, म्हणजे ‘ॲस्रा’च्या, मार्गदर्शक सूचनांचा त्यात सर्वाधिक आधार घेतला जातो.

कोणते औषध किती आधी थांबते : रुग्णांना आश्चर्य वाटते ते ॲस्पिरिनचे. ७५ किंवा १५० मिलिग्रॅमची ‘इकोस्प्रिन’ एकटीच चालू असेल तर स्पायनलसाठी ती थांबवावी लागत नाही. प्लेटलेट एक वाट बंद झाली तरी दुसऱ्या वाटांनी काम करत राहतात. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनाही हेच लागू. सर्जन शस्त्रक्रियेतल्या रक्तस्रावासाठी ॲस्पिरिन थांबवायला सांगतात, ते कारण वेगळे. त्याची गल्लत भुलेशी करू नये.

क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस, टिकाग्रेलॉरही तितकेच, प्रासुग्रेल ७ ते १० दिवस आधी थांबते. इथे एक सापळा आहे. ‘मी फक्त इकोस्प्रिन घेतो’ असे सांगणाऱ्याच्या पिशवीतून पुष्कळदा ‘इकोस्प्रिन गोल्ड’ निघते. साध्या इकोस्प्रिनमध्ये नुसते ॲस्पिरिन असते, ‘एव्ही’मध्ये ॲस्पिरिनबरोबर कोलेस्टेरॉलची गोळी असते, आणि ‘गोल्ड’मध्ये या दोन्हींबरोबर क्लोपिडोग्रेलही असते. नावातल्या एका शब्दाने पाच-सात दिवसांचा फरक पडतो. म्हणून तोंडी नाव सांगण्यापेक्षा गोळ्यांची पाकिटेच, कापलेल्या स्ट्रिपसकट, भूलपूर्व तपासणीला न्यावीत आणि मागच्या बाजूचे घटक डॉक्टरांना वाचू द्यावेत.

वॉरफरिन ५ दिवस आधी थांबवून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) सामान्य झाल्याची खात्री करतात. तिसऱ्या दिवशीच आयएनआर उतरलेला दिसला की घरचे विचारतात, आता कशाला थांबायचे? वॉरफरिनने खाली आणलेल्या चार गोठणघटकांपैकी सातवा सर्वांत आधी सावरतो आणि आयएनआर त्यालाच चटकन प्रतिसाद देतो. दुसरा आणि दहावा घटक अजून मागे असतात. आकडा सुधारलेला असतो, गोठणशक्ती मात्र पुरती आलेली नसते. ॲसिनोकुमारॉल लवकर उतरते. युरोपीय सूचनांत त्याला ३ दिवस दिले आहेत, अर्थात तिथेही आयएनआर पाहूनच.

रिव्हारोक्साबॅन आणि ॲपिक्साबॅन उपचाराच्या पूर्ण मात्रेत असतील तर ७२ तास. डॅबिगॅट्रान प्रामुख्याने मूत्रपिंडातून बाहेर पडते, म्हणून क्रिएटिनिनचा अहवाल पाहून ३ ते ५ दिवस. मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर पाठीतली भूल टाळलेली बरी. या नव्या गोळ्यांचा असर आयएनआरमध्ये भरवशाने दिसत नाही. ‘आयएनआर नॉर्मल आहे’ या एका ओळीवर विसंबणे ही इथली नेहमीची चूक.

पोटावर टोचायच्या एनॉक्सापॅरिनचे दोन नियम आहेत : प्रतिबंधक मात्रा (४० मिलिग्रॅम रोज एकदा) असेल तर १२ तास, उपचाराची मात्रा (किलोमागे १ मिलिग्रॅम, दोनदा) असेल तर २४ तास. शिरेतून चालू असलेले साधे हेपॅरिन ४ ते ६ तास आधी बंद करून एपीटीटी (हेपॅरिनचा असर दाखवणारी रक्ततपासणी) तपासतात. चार दिवसांहून अधिक हेपॅरिन मिळाले असेल तर प्लेटलेटही मोजतात, कारण हेपॅरिनमुळे त्या घसरू शकतात. लसूण, आले, जिनसेंग यांच्या काढ्यांमुळे एकट्याने भूल अडत नाही. मात्र ते चालू असतील तर सांगायला हवेत.

गोळी स्वतःहून थांबवू नये : शस्त्रक्रियेची तारीख मिळाली की शेजारी, नातलग, कधी मेडिकल दुकानदारही ‘आठ दिवस आधी रक्ताची गोळी बंद करा’ असे सांगतात. हा सल्ला सुईपेक्षा अनेकपटींनी घातक ठरू शकतो. औषधी लेप असलेला स्टेंट बसवून थोडेच महिने झाले असतील तर क्लोपिडोग्रेल थांबवल्यावर तो गुठळीने बंद होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. म्हणूनच टाळता येणारी शस्त्रक्रिया स्टेंटनंतर सहसा ६ महिने, आणि झटक्यामुळे स्टेंट बसवला असेल तर १२ महिने पुढे ढकलतात. कृत्रिम धातूच्या मायट्रल झडपेवरही गोळीविना गुठळी धरण्याची भीती असते. अशा रुग्णाला मधल्या काळात हेपॅरिनची इंजेक्शने देतात. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वॉरफरिन घेणाऱ्यांना ही मधली इंजेक्शने बहुधा लागत नाहीत. २०१५ च्या ‘ब्रिज’ चाचणीत १,८८४ रुग्णांमध्ये इंजेक्शनांनी गुठळ्या कमी झाल्या नाहीत, मोठा रक्तस्राव मात्र १.३ वरून ३.२ टक्क्यांवर गेला. गोळी कधी थांबवायची आणि परत कधी सुरू करायची, हे हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून तारीखवार लिहून द्यायचे असते. फिजिशियनच्या ‘फिट फॉर सर्जरी’ या शेऱ्यात ते बसत नाही.

वेळ नसेल तेव्हा : न्हाणीघरात पडून खुबा मोडलेल्या आजोबांना क्लोपिडोग्रेल चालू आहे म्हणून सात दिवस खाटेवर ठेवणे शहाणपणाचे नाही. न्यूमोनिया, शय्याव्रण आणि पायातल्या गुठळ्या त्या सात दिवसांतच गाठतात. अशा वेळी पूर्ण भूल देऊन एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया उरकणे बहुधा श्रेयस्कर. वरवरच्या नसेभोवती देण्याची बधिरता हाही पर्याय आहे, कारण तिथे रक्त आले तर दाबता येते.

गरोदरपणात वारंवार गर्भपात किंवा गुठळीचा इतिहास म्हणून एनॉक्सापॅरिन घेणाऱ्या बाईची कोंडी अधिक अवघड. रात्री नऊला इंजेक्शन घेतले, पहाटे चारला कळा वाढून तातडीचे सिझेरियन ठरले, तर सातच तास झालेले असतात. मग पूर्ण भूल द्यावी लागते आणि गरोदर बाईत तिचेही धोके आहेत. म्हणून कळा सुरू झाल्यासारखे वाटले की पुढचे इंजेक्शन न घेता आधी रुग्णालयात फोन करावा, असे तिला आठव्या-नवव्या महिन्यातच सांगून ठेवतात. गरोदरपणात प्लेटलेट ७०,००० च्या वर आणि स्थिर असतील, दुसरा गोठणदोष नसेल, तर स्पायनल सहसा देता येते.

नंतरची नजर : भूल उतरताना आधी पायाची बोटे हलतात, मग गुडघा वाकतो. चार तासांनी रुग्णाला पाय सरळ ठेवून टाच गादीवरून उचलता यायला हवी. तोवर उचलता आली नाही, किंवा एकदा परत आलेली ताकद पुन्हा गेली, तर ताबडतोब भूलतज्ज्ञाला बोलवावे. पाठीत जोराची कळ, मांड्यांमधली नवी बधिरता, लघवी अडणे हीही लक्षणे आहेत. मात्र दुखणे असतेच असे नाही, आणि तिथेच फसगत होते. ‘भूल उतरायला वेळ लागतोय’ म्हणून रात्र काढली जाते. तातडीचा एमआरआय आणि रक्तगोळा आढळल्यास मणक्याची कमान काढून दाब मोकळा करणे, हे लक्षणे सुरू झाल्यापासून ८ तासांच्या आत झाले तर पाय परत येण्याची शक्यता सर्वांत चांगली असते. एपिड्युरलची नळी काढणे हेही सुई घालण्याइतकेच नाजूक मानतात : प्रतिबंधक एनॉक्सापॅरिनच्या शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी नळी काढायची आणि पुढची मात्रा त्यानंतर किमान ४ तासांनी द्यायची.

इतर शंका : ‘पाठीतल्या इंजेक्शनाने आयुष्यभर कंबर दुखते’ ही समजूत मराठी घरांत, विशेषतः सिझेरियन झालेल्या बायकांत, घट्ट रुजलेली आहे. सुईच्या जागी दोन-चार दिवस ठणकते हे खरे. पुढची कंबरदुखी मात्र गरोदरपणात सैल झालेले अस्थिबंध, कमकुवत पोटाचे स्नायू आणि वाकून बाळाला घेणे यांतून येते. भूल न घेता बाळंत झालेल्या बायकांतही ती आढळते. डोकेदुखीची शंका खरी आहे. १८९८ मध्ये कील येथे ही भूल पहिल्यांदा देणारे ऑगस्ट बिअर यांनी स्वतःवरही प्रयोग केला आणि मेरुद्रव झिरपल्यामुळे ते स्वतः डोकेदुखीने आडवे झाले. आजच्या बारीक, पेन्सिलसारख्या टोकाच्या सुयांनी हे प्रमाण खूप घटले आहे. तरीही बसल्यावर वाढणारे आणि झोपल्यावर थांबणारे डोके दुखणे औषधांनी हटले नाही, तर रुग्णाचेच १५ ते २० मिलिलिटर रक्त आवरणाच्या अलीकडच्या त्याच पोकळीत सोडून सुईचे छिद्र बुजवतात. रक्ताची गोळी तोवर पुन्हा सुरू झालेली असेल, तर या दुसऱ्या सुईआधीही शेवटची मात्रा किती वाजता घेतली हे नव्याने विचारावे लागते.