डनलूस ते ग्लेनार्म : अँट्रिमच्या अर्ल घराण्याची ओळख
(उत्तर आयर्लंड सहलीला येणाऱ्या आमच्या प्रवाशांसाठी)

नमस्कार.

डनलूस किल्ल्याच्या कड्यावर वारा इतका असतो की गाइडचं निम्मं बोलणं कानापर्यंत पोचत नाही. मग बसमध्ये बसल्यावर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : अँट्रिमचे अर्ल असलेले मॅकडॉनेल मूळचे स्कॉटलंडचे, तर आयर्लंडचे सरदार कसे? म्हणून हे पत्रक. निघण्याआधी निवांत वाचा.

याचं उत्तर समुद्रात आहे. आयर्लंडच्या टॉर हेडपासून स्कॉटलंडचं किंटायर जेमतेम २० किलोमीटर. हवा स्वच्छ असली की समोर दिसतं. होड्यांनी जाणाऱ्या-येणाऱ्यांना हे दोन देश वाटतच नसत. १३९९च्या सुमारास स्कॉटिश बेटांवर सत्ता असलेल्या मॅकडॉनल्ड घराण्यातला जॉन मोर याचं लग्न आयर्लंडच्या अँट्रिम परगण्यातल्या ‘ग्लेन्स’ या दऱ्याखोऱ्यांच्या मुलखाची वारसदार मार्जरी बिसेट हिच्याशी झालं. मुलूख सासरकडून आला आणि पाय इकडे रोवले गेले. मॅकडॉनल्ड आणि मॅकडॉनेल हे एकाच नावाचे दोन उच्चार.

या घराण्यातला आमच्या मते सगळ्यात मोठा माणूस म्हणजे सॉर्ली बॉय. ‘बॉय’ म्हणजे मुलगा नव्हे. मूळ गेलिक शब्द ‘बुई’, म्हणजे पिवळा, पिवळ्या केसांचा. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या फौजांशी तो वर्षानुवर्षं झुंजला. १५७५मध्ये रॅथलिन बेटावर सुरक्षित ठेवलेल्या बायकामुलांसकट शेकडो माणसं इंग्रजांनी कापून काढली. सॉर्ली किनाऱ्यावर उभा राहून ते पाहत होता, असं मोहिमेचा हुकूम देणाऱ्या एसेक्सच्या अर्लनंच लिहून ठेवलं आहे. बॅलीकॅसलहून रॅथलिन दिसतं. तिथे आम्ही बस मुद्दाम थांबवतो. १५८६मध्ये सॉर्लीनं डब्लिनला जाऊन राणीच्या सत्तेपुढे मान तुकवली आणि आपला मुलूख राखला. बॅलीकॅसलजवळच्या बोनामार्गी मठात त्याला पुरलं आहे.

किताब मिळाला तो त्याच्या मुलाला. स्कॉटलंडचा राजा जेम्स १६०३मध्ये इंग्लंडच्याही गादीवर बसला आणि त्यानं रँडल मॅकडॉनेलला अँट्रिमचा मोठा प्रदेश दिला. १६१८मध्ये रँडल व्हायकाउंट डनलूस झाला, १६२०मध्ये अर्ल. अर्ल ही व्हायकाउंटच्या वरची पायरी, मार्क्वेस त्याहून वरची. रँडल कॅथलिक होता, तरी त्यानं आपल्या जमिनीवर स्कॉटलंडमधले प्रॉटेस्टंट कुळवाडी आणून वसवले.

दुसरा अर्ल १६४५मध्ये मार्क्वेस झाला, पण त्याला मूल नव्हतं. १६८३मध्ये तो वारला, वरचा किताब बुडाला आणि अर्लपद भाऊ अलेक्झांडरकडे गेलं. १६८८च्या डिसेंबरमध्ये डेरी शहरातल्या शिकाऊ कारागीर पोरांनी ज्या पलटणीच्या तोंडावर वेशीचे दरवाजे लावून घेतले, ती या अलेक्झांडरचीच. डेरीच्या तटबंदीवर हे आठवा.

खरा पेच सहाव्या अर्लच्या वेळी पडला. तीन मुली, मुलगा नाही, आणि दत्तक घेऊन किताब चालवायची सोय तिथे नाही. त्यानं १७८५मध्ये नव्यानं अर्लपद करवून घेतलं, मुलींना आणि पुढे त्यांच्या मुलग्यांना जाईल अशा अटीवर. १७९१मध्ये तो गेला तेव्हा १६२०चा किताब संपला, पण थोरली ॲन कॅथरीन स्वतःच्या हक्कानं काउंटेस झाली. तिची मुलगी फ्रान्सिस ॲन हिला जमीन मिळाली, किताब नाही. कार्नलॉच गावात आपण चहाला थांबतो ती सराई तिनंच १८४८मध्ये बांधवली. विन्स्टन चर्चिल तिचा पणतू.

ॲन कॅथरीनच्या पश्चात १८३४मध्ये किताब तिची धाकटी बहीण शार्लट हिच्याकडे आला. तिचा नवरा लॉर्ड मार्क कर, तोही स्कॉटिश घराण्यातला. त्यांच्या मुलांनी आईचं मॅकडॉनेल नाव घेतलं. म्हणजे बापाकडून पाहिलं तर आजचं घराणंही पुन्हा स्कॉटलंडचंच.

डनलूसबद्दल एक सांगायला हवं. १६३९मध्ये स्वयंपाकघर माणसांसकट समुद्रात कोसळलं, ही गोष्ट तिथे हमखास ऐकाल. पण ती खरी नसावी : किल्ल्याची समुद्राकडची उत्तरेची भिंत त्यानंतर बराच काळ, अठराव्या शतकापर्यंत उभी होती. ग्लेनार्मच्या किल्ल्यात मात्र हे घराणं आजही राहतं. तिथे आपण भिंतीआडची बाग पाहू; बागेत माळी थोरल्या मुलाचा उल्लेख ‘डनलूस’ असा करताना ऐकलात, तर गोंधळू नका. वारसाला अजूनही व्हायकाउंट डनलूस म्हणतात.