'वेगळे व्हा' म्हणजे शेजार तोडा नव्हे

ख्रिस्ती माणसाने विश्वास न ठेवणाऱ्यांशी मैत्री करू नये, त्यांच्या पंगतीला बसू नये, समाजकारणात पडू नये, असं चर्चच्या अनेक मंडळ्यांत वर्षानुवर्षं सांगितलं जातं. आधार कुठला? तर बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या पत्रातलं 'त्यांच्यामधून निघा व वेगळे व्हा' हे वाक्य.

असाच गैरसमज खुद्द पौलाच्या हयातीतही झाला होता आणि त्यानेच तो खोडून काढला. करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ५व्या अध्यायात तो म्हणतो की, जारकर्म्यांची संगत धरू नका असं मी लिहिलं ते जगातल्या लोकांबद्दल नव्हतं. तसं असतं तर तुम्हाला जगातूनच निघून जावं लागलं असतं. त्याचा रोख होता स्वतःला बंधू म्हणवून तसं वागणाऱ्यांवर. बाहेरच्यांचा न्याय करणं आपलं काम नाही, हेही तो तिथेच सांगतो. मंडळीत पुष्कळदा नेमकं उलटं चालतं: आतल्यांवर पांघरूण, बाहेरच्यांकडे बोट. हे मला फार खुपतं.

१०व्या अध्यायात तर विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं, तर पुढ्यात येईल ते खा, चौकश्या करत बसू नका, असं स्पष्ट आहे. फक्त 'हे मूर्तीला वाहिलेलं आहे' असं कोणी सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी ते खाऊ नका. इतकी बारीक सूचना पंगतीला जाणाऱ्यालाच लागते.

'वेगळे व्हा'चा संदर्भ आहे मूर्तिपूजा आणि देवाचं मंदिर, म्हणजे भक्तीतली सरमिसळ. येशूनेही प्रार्थनेत देवाकडे, शिष्यांना जगातून काढून घे, असं मागितलं नाही; दुष्टापासून राख, एवढंच मागितलं (योहान १७:१५).