थोराड मुलगाच पुढे मोठा फुटबॉलपटू होतो, हा समज चुकीचा

निवड चाचणीत अंगापिंडाने भरलेली मुलं आधी उचलायची, कारण ‘मोठे खेळाडू यांच्यातूनच होतात’, हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. तसं नाही. या समजापायी चांगली मुलं खेळ सोडतात, म्हणून हा खुलासा.

वयोगट जन्मतारखेवर ठरतो. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबई आणि मडगावलाही सामने झाले. त्यासाठी जन्म १ जानेवारी २००० किंवा नंतरचा लागत होता. अशा गटात जानेवारीचा आणि डिसेंबरचा मुलगा समोरासमोर येतात. अंतर जवळजवळ वर्षाचं. शिवाय वयात येण्याची वेळ प्रत्येकाची निराळी. तेराव्या वर्षी खांद्याने रेटून चेंडू काढणारा बरेचदा फक्त लवकर वाढलेला असतो. बाकीचे काही वर्षांत त्याला गाठतात, आणि तेव्हा त्याच्याकडे पहिला टच, म्हणजे आलेला चेंडू पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं, आणि पासची नजर कमी पडते. ताकदीवर भागत असताना ती शिकायची गरजच पडली नव्हती.

फ्रान्सचा फुटबॉलपटू आंत्वान ग्रीझमन याला लहान चणीमुळे फ्रान्समधल्या क्लबांनी नाकारलं. स्पेनच्या रिआल सोसिएदादने घेतलं. फ्रान्सने २०१८ चा विश्वचषक जिंकताना अंतिम सामन्यात त्याचा गोल होता.

बेल्जियममध्ये उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळे राष्ट्रीय संघ आहेत. इंग्लंडच्या काही अकादमी वयाऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडूनही सामने खेळवतात. आपल्याकडच्या प्रशिक्षकांनी निदान निवडयादीत नावापुढे जन्ममहिना लिहावा, आणि वगळलेल्या मुलांना पुढच्या वर्षी पुन्हा बोलवावं.