मऊ पट्टीचा वेग

गेल्या हंगामात विदर्भातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात रुईच्या गाठी बांधण्याचे काम पाहत असताना तेथील मुकादमांनी सहज उच्चारलेले एक वाक्य माझ्या मनात रुतून बसले. गाठींना लोखंडी पट्ट्या असत तेव्हा कामगारांना संरक्षक चष्मा लावण्यासाठी सारखे बजावावे लागे, परंतु आता प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या आहेत, त्या मऊ आणि हलक्या असल्यामुळे चष्म्याची कटकट उरलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हाच समज मी गोदामांत, मालमोटारींवर माल चढवणाऱ्या हमालांमध्ये आणि एका सूतगिरणीतही ऐकलेला आहे. तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे समजून घेण्यासाठी शाळेत शिकलेला हूकचा नियम जवळजवळ पुरतो.

आपल्याकडे रुईची प्रमाण गाठ १७० किलोची असते. सरकी काढून मोकळी झालेली रुई प्रेसमध्ये प्रचंड दाबाखाली चेपली जाते, दाब कायम असतानाच तिच्याभोवती पट्ट्या किंवा तारा आवळल्या जातात, आणि मग प्रेस मागे घेतला जातो. त्या क्षणापासून रुईला पुन्हा फुगण्यापासून रोखण्याचे काम एकट्या पट्ट्यांकडे येते. इतर ठिकाणी, म्हणजे खोकी, लाकडी पेट्या किंवा पोलादी पत्र्याची गुंडाळी बांधताना, पट्टीला हा ताण टेन्शनर नावाच्या अवजाराने दिला जातो. पट्टी कशीही ताणली, तरी ताणलेल्या पट्टीत ऊर्जा साठते, आणि पट्टी तुटली किंवा तिची दोन टोके एकत्र दाबून धरणारे सील सुटले की ती ऊर्जा कोठेतरी जावीच लागते.

रॉबर्ट हूकने हा नियम १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि त्याचा उलगडा १६७८ मध्ये केला. दुसऱ्या कोणी श्रेय लाटू नये, यासाठी त्या काळी असे केले जाई. जितकी वाढ तितका जोर, एवढाच त्याचा अर्थ. उदाहरण म्हणून १९ मिलिमीटर रुंद, अर्धा मिलिमीटर जाड आणि दोन मीटर लांब अशी पोलादी पट्टी घेऊ आणि तिला ४,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ४०० किलो वजनाएवढा, ताण देऊ. पोलाद अतिशय ताठ असल्यामुळे ही पट्टी जेमतेम ४.२ मिलिमीटर लांबते, म्हणजे तिची लांबी ०.२१ टक्क्याने वाढते. ताणाची निम्मी किंमत आणि ही वाढ यांचा गुणाकार केला की साठलेली ऊर्जा ८.४ ज्यूल येते. साडेआठशे ग्रॅमची हातोडी एक मीटर उंचीवरून पडावी, तेवढी ही ऊर्जा आहे.

आता पट्टी तुटते त्या क्षणाकडे पाहू. मला या साऱ्या प्रकरणात सर्वाधिक आवडणारा भाग हाच आहे. आपल्याला वाटते की पट्टी तुटली की ती सगळीच्या सगळी एकदम सैल पडते. परंतु पट्टीच्या दूरच्या भागाला आपण तुटलो आहोत ही बातमी कळायलाच वेळ लागतो. तुटलेल्या टोकावरचा ताण शून्य होतो, त्यामुळे त्याच्या लगतचा भाग मागे खेचला जातो, त्याचा ताण नाहीसा होताच त्याच्या मागचा भाग हलू लागतो, आणि अशा रीतीने ताणमुक्तीचा एक तरंग पट्टीतून मागे धावत जातो. हा तरंग म्हणजे त्या पदार्थातला ध्वनीच होय. पोलादाच्या पातळ पट्टीत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५,०५० मीटर असतो, त्यामुळे दोन मीटर पट्टी तो सेकंदाच्या अडीच हजाराव्या भागात ओलांडतो. तरंगाच्या पुढे असलेली पट्टी अजून ताणलेली आणि स्थिर असते, तर मागे राहिलेली पट्टी ताणमुक्त होऊन धावत असते. ही धावणारी पट्टी किती वेगाने धावते, याचे उत्तर विलक्षण सुटसुटीत आहे: तरंगाचा वेग गुणिले पट्टी जितक्या अंशाने ताणली होती तो अंश. म्हणजे ५,०५० गुणिले ०.००२१, सेकंदाला सुमारे साडेदहा मीटर, ताशी जवळपास ३८ किलोमीटर.

या सूत्रात पट्टीची लांबी कोठेच येत नाही. पट्टी दुप्पट लांब घेतली तर साठलेली ऊर्जा दुप्पट होते, परंतु हलवायचे वस्तुमानही दुप्पट होते, आणि वेग आहे तेवढाच राहतो. आखूड पट्टी आहे, काही होत नाही, असे म्हणणाऱ्या माणसाचा हिशेब येथे चुकतो. पडताळा हवा असेल तर आपल्या पट्टीचे वस्तुमान १४९ ग्रॅम धरावे, सेकंदाला १०.६ मीटर वेगाने तिची गतिज ऊर्जा पुन्हा ८.४ ज्यूलच येते.

हेच सूत्र आता पॉलिएस्टरच्या, म्हणजे पाण्याच्या बाटल्या ज्या प्लॅस्टिकच्या होतात त्याच प्लॅस्टिकच्या, पट्टीला लावू. पट्टी १९ मिलिमीटर रुंद, ०.८ मिलिमीटर जाड आणि दोन मीटर लांब आहे, तिला पोलादी पट्टीच्या निम्माच, म्हणजे २,००० न्यूटन ताण दिला आहे आणि त्या ताणाने ती दोन टक्के ताणली गेली आहे, असे समजू. दोन टक्के म्हणजे चार सेंटिमीटर, पोलादी पट्टीच्या वाढीच्या साडेनऊ पट. साठलेली ऊर्जा ४० ज्यूल येते, कारण पदार्थ लवचीक असल्यामुळे कमी जोरातही तो अधिक लांबतो आणि ऊर्जा जोर व अंतर यांच्या गुणाकारातून येते. या पट्टीत तरंगाचा वेग सेकंदाला सुमारे २,१९० मीटर, म्हणजे पोलादाच्या निम्म्याहून कमी आहे, परंतु त्याला ०.०२ ने गुणले की टोकाचा वेग सेकंदाला ४४ मीटर येतो. ताशी १५८ किलोमीटर! एखाद्या अतिवेगवान गोलंदाजाचा चेंडू या वेगाने येतो, आणि त्याच्यासमोर फलंदाज हेल्मेट घालून उभा असतो.

हा आदर्श हिशेब आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्लॅस्टिकमध्ये काही ऊर्जा आतल्या आतच जिरते, काही वेळाने त्याचा ताण आपोआप थोडा ढिला पडतो, गाठीशी होणारे घर्षण आणि हवा काही वेग खातात, आणि ४२ ग्रॅमच्या पट्टीचा आघात शरीराच्या जाड भागावर फारसा जाणवणार नाही. पोलादी पट्टी संथ असली तरी तिची अर्ध्या मिलिमीटरची कड सुरीसारखी असते, म्हणून ती मांस कापते. तिच्यापासून धोका कमी आहे असे कोणी समजू नये. प्रश्न डोळ्याचा आहे. चेहरा अर्ध्या मीटरवर असेल तर पोलादी टोक सेकंदाच्या विसाव्या भागात आणि प्लॅस्टिकचे टोक सुमारे नव्वदाव्या भागात तेथे पोहोचते, तर धोका दिसून पापणी मिटायला साधारण एक दशांश सेकंद लागतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात डोळ्यांच्या संरक्षणासाठी कलम ३५ स्वतंत्रपणे घातले गेले, त्यामागे असाच विचार होता.

त्याच कारखान्यात प्रेसच्या चौकटीला लिंबू-मिरची टांगलेली होती, आणि आदल्या वर्षी एका कामगाराच्या भुवईवर पट्टी बसली तो दिवस अमावास्येचा होता, असे मला दोघांनी आवर्जून सांगितले. खंडेनवमीला यंत्राला झेंडूची माळ घालण्याबद्दल माझी काही तक्रार नाही; परंतु अमावास्येचे नाव घेतले की सील नीट दाबले होते का, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

सामान्यतः पट्टीत सर्वांत कमकुवत जागा म्हणजे तिचा जोड, त्यामुळे सील अर्धवट दाबलेले असले की पट्टी तेथेच सुटते. दुसरा घात टेन्शनरच्या दांड्याला पाइप जोडून होतो. दांडा दुप्पट लांब केला की तेवढ्याच श्रमात पट्टीवर दुप्पट ताण येतो, आणि तो किती झाला हे हाताला समजत नाही. तिसरा धोका पट्टी तुटण्याचा नसून अवजार घसरण्याचा आहे. टेन्शनरच्या दातेरी चाकात मळ किंवा तेल साचले की पकड अचानक सुटते, आणि दांडा स्वतःकडे ओढणारा माणूस पाठीवर आपटतो. तो मालमोटारीच्या फाळक्यापाशी उभा असेल तर थेट खाली जातो. म्हणून दात घासून साफ ठेवावेत, एक पाय पुढे आणि एक मागे ठेवून उभे राहावे, आणि पट्टीच्या रेषेत चेहरा कधीही आणू नये, कारण सुटलेले टोक आधी त्याच रेषेत धावते आणि मग गाठीच्या कोपऱ्यावरून बाहेर फटकारले जाते.

बांधण्यापेक्षा कापताना अधिक सावध राहावे लागते, कारण बांधताना ताण हळूहळू वाढतो, कापताना तो एका क्षणात जातो. सूतगिरणीत गाठी फोडणारा कामगार पुष्कळदा पहार किंवा छिन्नी पट्टीखाली घालून ती तोडतो, म्हणजे आधीच ताणलेल्या पट्टीला तुटेपर्यंत आणखी ताणतो आणि वर दिलेला वेग स्वतःच्या हाताने वाढवतो. पट्टी कापण्याची कात्री ताण न वाढवता कापते. जाड हातमोजा घातलेल्या एका हाताने पट्टी कापण्याच्या जागेशेजारी गाठीवर दाबून धरावी, दुसऱ्या हाताने कात्री चालवावी, स्वतः बाजूला उभे राहावे आणि आसपास कोणी नाही हे आधी पाहावे. पत्र्याच्या गुंडाळीत तर पट्टीपेक्षा पत्राच मोठी स्प्रिंग असतो. त्याचे मोकळे टोक गुंडाळीच्या तळाशी, तिच्या स्वतःच्या वजनाखाली येईल अशा रीतीने गुंडाळी ठेवल्याशिवाय तिची शेवटची पट्टी कापू नये.

मुकादमांना हा सारा हिशेब मी एका पावतीच्या पाठीमागे मांडून दाखवला. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि म्हणाले, ‘‘साहेब, मग लोखंडी पट्टीच्या वेळी जे चष्मे आणले होते, ते कपाटात असतील अजून.’’ कपाटाची किल्ली मात्र त्या दिवशी सापडली नाही.